समुद्रातले प्लवक, हवामान आणि नागपूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर किंवा एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक मांडला की माणसे जमतात आणि प्रश्न सुरू होतात. त्यांतले बरेचसे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

प्लवक म्हणजे नेमकं काय? हे एखाद्या प्राण्याचं नाव आहे का?

एका प्राण्याचे नाही. प्रवाहाविरुद्ध पोहत जाण्याची ताकद नसलेला, पाणी नेईल तिकडे जाणारा कुठलाही जीव प्लवकांत मोडतो. त्यात जिवाणू आले, एकपेशीय शैवाले आली, मिलिमीटरभर लांबीचे कवचधारी आले, अंड्यातून नुकतीच निघालेली माशांची पिल्ले आली आणि चांगली हातभर रुंद जेलीफिशही आली. त्यांचे दोन मोठे गट लक्षात ठेवावेत. उन्हावर स्वतःचे अन्न तयार करतात ते वनस्पती-प्लवक आणि इतरांना खाऊन जगतात ते प्राणी-प्लवक. मत्स्यव्यवसायाच्या माहितीपत्रकांत ‘प्लवंग’ असे लिहिलेले असते. ते हेच.

ते डोळ्यांना दिसतात का?

प्राणी-प्लवकांतले काही दिसतात. काचेच्या ग्लासात तलावाचे पाणी घेऊन उजेडासमोर धरले, तर झटके देत हलणारे पांढुरके ठिपके दिसतील. वनस्पती-प्लवक एकेकटे दिसत नाहीत. प्रोक्लोरोकॉकस नावाचा जीव तर इतका लहान, सुमारे ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), की १९८८ पर्यंत तो आहे हेच जगाला कळले नव्हते. सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझरने पेशी मोजणारे यंत्र जहाजावर नेले, तेव्हा तो सापडला. उष्ण समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात त्याच्या लाखभर पेशी असू शकतात. उन्हावर जगणाऱ्या जीवांत संख्येने पृथ्वीवर त्याचाच पहिला नंबर लागत असावा, असे मानतात.

वनस्पती-प्लवक एकेकटे दिसत नसले, तरी सगळे मिळून ते उपग्रहाला दिसतात. हरितद्रव्यामुळे समुद्राच्या पाण्याचा रंग बदलतो आणि तो रंग अवकाशातून मोजता येतो. भारताचा ओशनसॅट-१ हा उपग्रह १९९९ मध्ये याच कामासाठी गेला. त्याच मालिकेतला ईओएस-०६ नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडण्यात आला.

समुद्र आपल्यापासून इतका दूर. नागपूरकराला प्लवकांशी काय घेणं-देणं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो रास्तच आहे. समृद्धी महामार्गाने गेले तरी मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर पडतात. पण समुद्राशी आपले नाते रस्त्याने मोजण्यासारखे नाही.

पहिले नाते पावसाचे. विदर्भाला आठवडा-आठवडा झड लागते, ती बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरात तयार होऊन मध्य भारतावर सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. उपसागराचे पाणी किती तापले आहे, यावर त्या क्षेत्रांचे बळ ठरते. समुद्राच्या वरच्या थरात हरितद्रव्य जास्त असेल, तर ऊन वरच्या वरच शोषले जाते आणि तो थर थोडा अधिक तापतो. बंगालच्या उपसागरासाठी केलेल्या संगणकीय अभ्यासांत प्लवकांमुळे होणारी ही ऊब पावसाच्या आकड्यांतही उमटलेली दिसली आहे.

दुसरे नाते हवेचे. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड कोराडीवर थांबत नाही. वर्षभरात तो जगभरच्या हवेत मिसळतो. माणसाने हवेत सोडलेल्या या वायूपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्र स्वतःत घेतो. समुद्राने तो घेतला नसता, तर आपला मे महिना आज आहे त्याहूनही कठीण गेला असता.

तिसरे नाते नदीचे. नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन पिवळी नदीला भेटते आणि दोघी कन्हानमध्ये जातात. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते, वैनगंगा गोसीखुर्द धरण ओलांडून वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागरात उतरते. वाटेत बरेच काही गाळात बसते, जिवाणू बरेच काही फस्त करतात, धरणात बरेच काही अडते. तरीही आपल्या मोरीतले आणि शेतातले नायट्रोजन-फॉस्फरस काही अंशी या वाटेने समुद्राच्या प्लवकांपर्यंत पोचतातच. उलट एक गोष्ट धरणांत अडकते आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे खडक झिजून पाण्यात आलेली सिलिका. डायाटम नावाचे वनस्पती-प्लवक आपले कवच काचेसारख्या सिलिकाचे बनवतात. नायट्रोजन वाढला आणि सिलिका घटली, की डायाटम मागे पडतात आणि दुसरेच जीव माजतात.

‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्रातून येतो’ हे खरं आहे का?

शाळांच्या भिंतींवर हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. माझ्या मते ते बदलायला हवे, कारण ते अर्धेच खरे आहे.

खरा भाग असा. पृथ्वीवर दरवर्षी जेवढे प्रकाशसंश्लेषण होते, त्यातले जवळपास निम्मे समुद्रातले वनस्पती-प्लवक करतात. जगातल्या एकूण हिरव्या वस्तुमानात त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास असताना ते हे करतात, हे फारच विलक्षण आहे. जंगलातले झाड शंभर वर्षे लाकूड साठवत उभे राहते. प्लवकाची पेशी काही दिवसांत विभागते किंवा खाल्ली जाते. समुद्रातला हा सगळा हिरवा साठा साधारण आठवड्याभरात नवा होतो.

आता निसटलेला भाग. समुद्रात तयार झालेला ऑक्सिजन जवळजवळ सगळाच समुद्रातच वापरला जातो. प्लवक स्वतः, त्यांना खाणारे प्राणी आणि मेलेले कुजवणारे जिवाणू, सगळे मिळून तो संपवतात. मोठ्या जंगलांचेही तसेच आहे. हवेत आज जो २१ टक्के ऑक्सिजन आहे, तो कोट्यवधी वर्षांची शिल्लक आहे. सायनोबॅक्टेरिया म्हणजे नील-हरित जिवाणू. त्यांच्यामुळे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन टिकू लागला आणि जो थोडा थोडा सेंद्रिय गाळ न कुजता पुरला गेला, त्याच्या बदल्यात हा साठा वाढत गेला. त्या अर्थाने आपला श्वास प्लवकांचे देणे आहे, आणि तो अर्थ मला भिंतीवरच्या वाक्यापेक्षा मोठा वाटतो. पण उद्या प्लवक संपले, तर परवा श्वास कोंडेल असे नाही. साठा हजारो वर्षे पुरेल. त्याआधी समुद्रातले अन्न संपेल आणि हवेतला कार्बन वाढेल. भीती बाळगायची तर त्या दोन गोष्टींची.

मग हवामानाशी प्लवकांचा संबंध नेमका कसा येतो?

कार्बन खाली नेण्यातून. या प्रक्रियेला जैविक पंप म्हणतात आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे.

उन्हाच्या थरात, म्हणजे वरच्या शंभर-दोनशे मीटरांत, एक डायाटम विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतो. एक-दोन मिलिमीटरचा कोपेपॉड, म्हणजे लांब मिशांसारख्या शृंगिकांचा कवचधारी, त्याला खातो. खाल्लेले काही अंगी लागते, काही श्वासातून बाहेर पडते आणि उरलेले विष्ठेच्या घट्ट गोळीत बांधले जाते. एकटी पेशी इतकी हलकी, की ती मीटरभर खाली जायलाही दिवस घेते. ही गोळी मात्र दिवसाला शंभर मीटर किंवा अधिकही बुडते. मेलेल्या पेशी, चिकट द्रव्य आणि विष्ठा यांचे पुंजके होऊन खाली झरत राहतात, त्यांना सागरी हिम म्हणतात. खोल समुद्रातल्या प्राण्यांचे पोट बहुतेक यावरच भरते.

जेवढे बुडते, त्यातले फार थोडे तळापर्यंत पोचते. वाटेत जिवाणू ते खातात आणि कार्बनचा पुन्हा वायू होतो. पण तो कुठे होतो, याला महत्त्व आहे. कणगीतले धान्य हाताशी असते आणि संपूनही जाते, पेवातले वर्षानुवर्षे पडून राहते. समुद्राच्या वरच्या थरात मोकळा झालेला वायू लगेच हवेत परततो. हजार मीटर खाली मोकळा झालेला वायू ते पाणी पुन्हा वर येईपर्यंत, म्हणजे शेकडो वर्षे, खालीच राहतो.

या पंपाने वरच्या थरातून दरवर्षी सुमारे ५०० ते १२०० कोटी टन कार्बन खाली जातो, असे अंदाज आहेत. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक काळाआधी दशलक्षात सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर आहे. हा पंप नसता, तर त्यात आणखी दीडशे-दोनशे भागांची भर पडली असती, असे गणित सांगते.

याला रोजची एक जोडही आहे. रात्री असंख्य प्राणी-प्लवक काहीशे मीटर खालून वर येतात, चरतात आणि उजाडायच्या आत परत खोल जातात. दुसऱ्या महायुद्धात ध्वनिलहरींनी पाणबुड्या शोधणाऱ्या ‘सोनार’ यंत्रावर समुद्राचा तळ रात्री वर येतो आणि दिवसा खाली जातो, असे दिसायचे. तो तळ नव्हता, या जिवांचा थर होता. वजनात मोजले, तर प्राण्यांचे पृथ्वीवरचे सर्वात मोठे स्थलांतर हेच, आणि ते रोज होते.

समुद्र जो एक चतुर्थांश कार्बन डायऑक्साइड घेतो, तो सगळा प्लवकच खातात का?

नाही. माणसामुळे वाढलेला वायू समुद्रात जातो, तो मुख्यतः पाण्यात विरघळून. ते रसायनशास्त्राचे काम आहे. प्लवकांचा पंप आधीपासून चालत आला आहे आणि खोल समुद्रातला मोठा साठा तो टिकवून धरतो. तो मंदावला, तर साठ्यातले हळूहळू हवेत येऊ लागेल. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, की ‘प्लवक आहेत ना, ते बघून घेतील’ अशी समजूत होते. ती चुकीची आहे.

प्लवक वाढवण्यासाठी समुद्रात लोखंड टाकतात म्हणे?

टाकून पाहिले आहे आणि त्यात भारताचा थेट भाग होता. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर असूनही प्लवक कमी आढळतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मांडले, की तिथे कमतरता लोहाची आहे. लोह दिले तर प्लवक फोफावतील आणि हवेतला कार्बन ओढून घेतील.

२००९ च्या सुरुवातीला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी पोलरस्टर्न या जहाजावरून दक्षिण महासागरात लोहाफेक्स हा प्रयोग केला. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पाण्यात टनावारी विरघळलेले लोह सोडले आणि काही आठवडे त्या पाण्याच्या मागे जहाज फिरत राहिले. वनस्पती-प्लवक वाढले. पण त्या भागात सिलिका आधीच संपलेली असल्याने जाड कवचाचे डायाटम उगवले नाहीत. उगवले ते मऊ, लहान जीव. ते कोपेपॉडांनी चरून टाकले आणि कोपेपॉडांवर त्यांच्याहून मोठे कवचधारी तुटून पडले. खोलवर गेलेला कार्बन जुजबी निघाला.

काही जण याला फसलेला प्रयोग म्हणतात. मला तो अत्यंत मोलाचा वाटतो. एक पोषकद्रव्य वाढवून समुद्राला हवे ते करायला लावता येत नाही, कुठली पेशी उगवते आणि तिला कोण खाते यावर सगळे ठरते, हे त्यातून प्रत्यक्ष पाण्यात दिसले. २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारांनी असे प्रयोग संशोधनापुरते मर्यादित केले आहेत आणि ते योग्यच आहे.

प्लवक ढग तयार करतात का?

काही प्रमाणात मदत करतात. अनेक वनस्पती-प्लवकांपासून डायमिथाइल सल्फाइड हा वायू निघतो. समुद्रकिनाऱ्याच्या वासात त्याचा वाटा असतो. हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि त्यांच्यावर बाष्प जमते. १९८७ मध्ये जेम्स लव्हलॉक आणि इतर तीन शास्त्रज्ञांनी मांडले, की यातून प्लवक पृथ्वीचे तापमान सांभाळत असावेत. पुढच्या संशोधनात चित्र बरेच गुंतागुंतीचे निघाले. ढगांना कण पुरवणारे इतर अनेक स्रोत आहेत. ‘प्लवक पाऊस पाडतात’ असे म्हणणे फार ताणल्यासारखे होईल.

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, प्लवकांच्या दृष्टीने सारखेच का?

मुळीच नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे जोरदार वारे सोमालिया-ओमानच्या आणि केरळच्या किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाजूला ढकलतात आणि खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यामुळे अरबी समुद्र जगातल्या सुपीक समुद्रांपैकी एक झाला आहे. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी गोडे पाणी ओततात. ते हलके असल्याने वर पसरून राहते आणि खालचे पोषण वर येऊ देत नाही. म्हणून तिथे प्लवक तुलनेने कमी.

अरबी समुद्राच्या सुपीकतेला किंमतही आहे. वरून इतके सेंद्रिय द्रव्य खाली येते, की ते कुजवताना साधारण १५० ते १२०० मीटर खोलीतला ऑक्सिजन जवळजवळ संपतो. एवढा जाड प्राणवायूहीन पट्टा जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात. तेही प्लवकच का?

हो, बहुतेक वेळा नॉक्टिल्युका. हा एकपेशीय असूनही भिंगाशिवाय ठिपक्यासारखा दिसतो आणि पाणी ढवळले की निळा प्रकाश सोडतो. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या तोंडाला लोक तो पाहायला जातात.

दृश्य सुंदर आहे, पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. उत्तर अरबी समुद्रात २००० नंतरच्या वर्षांत हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड तवंग दिसू लागले. हा प्रकार इतर प्लवकांना खातो आणि पोटात हिरवी शैवाले बाळगून उन्हावरही जगतो. पूर्वी जिथे डायाटम असायचे, तिथे तो आला. डायाटम कोपेपॉडांना आणि त्यांच्यामार्फत माशांना पोसतात. नॉक्टिल्युका खाणारे मुख्यतः जेलीसारखे जीव. हा बदल का झाला, याच्या कारणांवर संशोधकांत मतभेद आहेत, पण बदल डोळ्यांसमोर आहे.

प्लवक कमी होत आहेत का?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले, की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती-प्लवक काही भागांत २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत. कारण समजायला सोपे आहे. वरचे पाणी तापले की हलके होते, खालच्या गार पाण्यात मिसळेनासे होते आणि पोषण खालीच अडकते.

‘जगातले ४० टक्के प्लवक संपले’ असा संदेश फोनवर फिरत असतो. त्यामागे २०१० चा एक अभ्यास आहे. त्यात वापरलेल्या जुन्या मोजमापांवर इतर शास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले. तो आकडा पुढे पाठवू नये, ही विनंती. हिंदी महासागरातली घट पुरेशी चिंताजनक आहे, तिला फुगवायची गरज नाही.

समुद्र आम्लधर्मी होतोय म्हणजे काय?

विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. फरक किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ हायड्रोजन आयन जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. चुन्याची कवचे बनवणाऱ्या प्लवकांना हे जड जाते. इंग्लंडमधल्या डोव्हरचे पांढरे कडे अशाच प्लवकांच्या कवचांचे बनलेले आहेत.

आम्ही समुद्राची मासळी फारशी खात नाही. रोहू-कतलाचा प्लवकांशी संबंध आहे का?

थेट आहे. कतला पाण्याच्या वरच्या थरात चरतो आणि त्याचे मुख्य खाणे प्राणी-प्लवक. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत, शेततळ्यांत मासे वाढवणारा माणूस खरे तर आधी प्लवकांची शेती करतो. मत्स्यबीज सोडण्याआधी तो तळ्यात चुना आणि शेणखत टाकतो, काही दिवसांत पाणी हिरवट होते आणि मगच बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडतो. पाणी तयार झाले की नाही, हे बघायची साधी रीत आहे. हात पाण्यात सरळ खाली घालायचा. पाणी कोपरापर्यंत येताना तळवा दिसेनासा झाला, तर प्लवक योग्य. त्याआधीच, मनगटालाच, दिसेनासा झाला तर पाणी फार दाट झाले, खत थांबवायचे. पाणी कोपराच्या वर आले तरी बोटे मोजता येत असतील, तर माशांना खायला काही नाही.

समुद्रातही गणित हेच. तारली आणि बांगडा प्लवकांवर जगतात, त्यांना सुरमई खाते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणारा व्हेल शार्क हा जगातला सर्वात मोठा मासा, तोही पाणी गाळून प्लवक खातो. २००१ पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे.

मग आपला तलाव हिरवागार झाला तर चांगलंच ना?

मर्यादेत असेल तर. सांडपाण्यातून फॉस्फेट, नायट्रेट येतच राहिले, की मायक्रोसिस्टिससारखे नील-हरित जिवाणू माजतात आणि पाण्यावर रंगासारखा जाड तवंग येतो. त्यांच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात. अशा पाण्यावर गुरे पाजू नयेत. दिवसा हा तवंग ऑक्सिजन सोडतो, पण रात्री सगळेच जीव तो वापरतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात आणि सकाळी मेलेले तरंगतात. लोक विचारतात, कुणी विष कालवले का? बहुतेक वेळा मासे रात्रीत गुदमरलेले असतात.

पेट्रोल डायनासोरपासून बनलं का?

नाही. बहुतेक खनिज तेल प्राचीन समुद्रांच्या तळाशी पुरल्या गेलेल्या प्लवकांपासून बनले. १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायचे तेलही सागरी गाळाच्या खडकांतले. आपल्याकडचा कामठी, उमरेड, चंद्रपूरचा कोळसा मात्र जमिनीवरच्या जंगलांचा, सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातला.

सीताबर्डीच्या टेकडीचा प्लवकांशी संबंध आहे, असं ऐकलं. कसा?

टेकडीचा खडक बेसॉल्ट आहे, दख्खनच्या लाव्हाचा पूर्वेकडचा भाग. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्याच सुमारास मेक्सिकोजवळ मोठी उल्का आदळली आणि डायनासोरांसोबत समुद्रातल्या चुनखडी कवचाच्या प्लवकांच्या बहुसंख्य जाती नष्ट झाल्या. त्यात उल्केचा वाटा किती आणि आपल्या लाव्हातून निघालेल्या वायूंचा किती, यावर आजही वाद चालतो. नागपूरच्या टाकळी भागात लाव्हाच्या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात ते गोळा केले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

पिण्याच्या पाण्यात प्लवक असतात का? त्यांनी आजार होतो का?

नळाच्या शुद्ध केलेल्या पाण्यात नसावेत. विहिरी-तलावांत असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. पण जुन्या मंडळींना नारू आठवत असेल. पायातून पांढरा दोऱ्यासारखा कृमी बाहेर यायचा. त्याची पिल्ले सायक्लॉप्स या प्राणी-प्लवकात वाढायची आणि पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी न गाळता प्यायले, की पोटात जायची. पाणी कापडातून गाळणे आणि विहिरी सुधारणे यावर देशाने भर दिला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला.

कॉलऱ्याचे जिवाणूही कोपेपॉडांना चिकटून राहतात. बांगलादेशात जुनी साडी निदान चार पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळले, तेव्हा कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. २००३ मध्ये रीटा कॉलवेल यांच्या गटाने ते प्रसिद्ध केले. आपल्या आज्या हंड्याच्या तोंडाला फडके बांधायच्या, त्यामागे पक्की समज होती.

भारतात यावर काम कुठे चालतं? मुलीला हा विषय घ्यायचा आहे.

गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला सुरू झाली. त्याआधीच्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत गोळा केलेल्या प्राणी-प्लवकांची छाननी कोचीनच्या केंद्रात झाली होती. हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र उपग्रहावरून हरितद्रव्य आणि तापमान पाहून मच्छीमारांना मासळी कुठे मिळेल, याची सूचना देते. पुण्याच्या संस्थेचा उल्लेख वर आलाच आहे. नागपुरात १९५८ पासून नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहे, पाण्याचा अभ्यास करायचा तर तेही मोठे ठिकाण. बीएस्सीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावे, पण गणित सोडू नये. आज या क्षेत्रात निम्मे काम आकड्यांचे आहे.

मुलांना प्लवक दाखवायचे आहेत. काय करावं?

समुद्र लागत नाही, फुटाळा किंवा गोरेवाडा चालेल. बांगडीच्या आकाराच्या तारेला पातळ नायलॉनच्या कापडाची निमुळती पिशवी शिवा आणि टोकाला लहान बाटली बांधा. काठावरून दोरीने दहा-बारा वेळा ओढली, की बाटलीतले पाणी गढूळसर दिसेल. त्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्या आणि आधी कमी भिंगातून पाहा. डॅफ्निया अनेकदा सापडतो. त्याचे अंग पारदर्शक असते, आतले हृदय धडधडताना दिसते आणि मादीच्या पाठीत अंडी मोजता येतात. डोक्यावर फिरत्या चाकांसारखे केस असलेला तो रोटिफर. एकच लाल डोळा आणि शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या असलेला तो सायक्लॉप्स. कापडाच्या जाळीतून सर्वात लहान वनस्पती-प्लवक निसटतात, म्हणून थोडे पाणी न गाळताही आणा.

सकाळी लवकर जा आणि लहान मुलांना काठावर एकटे सोडू नका. बाटली काठोकाठ भरू नका, सावलीत ठेवा आणि दोन-तीन तासांत पाहून घ्या. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत राहिलेल्या बाटलीत घरी पोचेपर्यंत हालणारे काही उरत नाही.